गच्चीवरचा क्लास

"त्रिकोणमिती तुला चांगली येते. कॅल्क्युलसआधीचं बाकीचंच सुट्टीत करू," देशमाने बाई म्हणाल्या.

"त्रिकोणमितीच मुळापासून घ्या ना बाई. सकाळी, तुमच्या गच्चीवर. आणि जरा मोठ्यानं शिकवा," शेजारची हेमांगी म्हणाली.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आसपासच्या गच्च्यांवर कुठला मुलगा येतो, यावर नजर ठेवतच त्यांनी पहिला तास सुरू केला. पण पलीकडे हेमांगीची आई तेवढी कुरडया घालत होती.

"साइन नव्वद किती?"

हेमांगी मुद्दाम गप्प राहिली.

"एक," पलीकडून उत्तर आलं आणि आईनं जीभ चावली.

"तिला दहावीनंतर शिकू दिलं नाही, बाई. समोर बसायला लाजते," हेमांगी हळूच म्हणाली.

बाईंनी फळा पलीकडच्या गच्चीकडे वळवला.

"सोऱ्या ठेव खाली. कोसाइन नव्वद किती गं?"