थेट या

वसुधा तांडेलने देवबागच्या आपल्या होमस्टेबाहेर ‘थेट या, स्वस्तात राहा’ अशी पाटी लावली. बुकिंग ॲपवरच्या दरापेक्षा कमी दर कुणी घ्यायचा नाही, ही ॲपची अट तिने स्पर्धा आयोगापर्यंत भांडून रद्द करून घेतली होती.

संध्याकाळी पुण्याचं एक जोडपं अंगणात आलं.

“खोली रिकामी आहे. ॲपपेक्षा स्वस्त देते,” ती उत्साहाने म्हणाली.

“नको काकू, ॲपवरूनच करतो,” तरुण म्हणाला. “काही बिनसलं तर निदान तक्रार करता येते.”

“अहो, तक्रार माझ्याकडे करा ना! मी इथेच तर उभी आहे!”

तो ओशाळून हसला, पण त्याचं बोट मोबाइलवर फिरतच राहिलं. वसुधाच्या हातातला फोन किणकिणला: नवीन बुकिंग.

चरफडतच तिने खोलीचं कुलूप उघडलं. “या,” ती म्हणाली.