टोरांटो ते सातारा

"आता कुटवर आलाय?" सयाजीआबांनी दवाखान्यातल्या कॉटवरून पुन्हा विचारलं.

धनाजीनं मोबाइल बापापुढं धरला. नकाशावरचं इवलंसं विमान अजून समुद्रावरच होतं. टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. मधला थांबा धरला तर जवळजवळ अख्खा दिवस. आबांच्या हृदयाला तेवढी सवड नव्हती. डॉक्टर सकाळपासून ऑपरेशनसाठी मागं लागले होते आणि आबा थोरल्याचं तोंड बघितल्याशिवाय आत जायला तयार नव्हते. फौजी माणूस, एकदा ठरलं की ठरलं.

"लडाखातनं सुट्टीवर यायला मला आठवडा लागायचा," ते म्हणाले. "तुजी आई थांबायचीच की."

उशाशी बसलेल्या अंजनाबाईनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

धनाजीला आबांचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती. टोरांटोतल्या थोरल्या भावाला, कृष्णातला, फोन त्यानंच केला होता. दोन वर्षांपूर्वी काका वारले तेव्हाही त्यानंच केला होता, आणि दोन्ही वेळा "सिरीयस हायत, लगीच नीघ" यापलीकडं त्याला काही बोलवलं नव्हतं. काकांच्या वेळी कृष्णात पोचला तो सगळं उरकल्यावर. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. या खेपेला तो एवढंच म्हणाला होता, "मी आल्याबिगर काय करू नका. आईला सांभाळ."

एकदाचं विमान उतरलं. गाडीत बसल्यावर कृष्णातनं फोन करून सगळे जमलेत का, एवढंच विचारलं. जमलेत, सरळ दवाखान्यात ये, असं धनाजीनं सांगितलं आणि खोलीत येरझारा घालत राहिला. गाडीनं पुणं मागं टाकलं, खंबाटकी उतरली, आणि ड्रायव्हर बिरदेवचा फोन आला. साहेबांनी गाडी वाईला वळवायला लावलीय, नदीवर गेलेत, जरा वेळ लागेल म्हणालेत.

धनाजीचा पारा चढला. अर्धं जग ओलांडून आलेला माणूस घराजवळ येऊन रेंगाळतो म्हणजे काय? आबांना मात्र बरं वाटलं.

"गणपतीला गेला आसंल. बापासाटी कायतरी बोलला आसंल देवाला. यिऊ दे."

कृष्णात आला तेव्हा मे महिन्याच्या उकाड्यात त्याच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरी टोपी होती. तो दारातच थबकला. उशीला टेकून बसलेल्या आबांकडं बघत राहिला, मग आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडं. त्यानं आधाराला दाराची चौकट धरली. एवढा प्रवास झाल्यावर व्हायचंच, असं धनाजीला वाटलं.

"ये की रं," आबांचे डोळे भरून आले. "आता खुशाल न्या मला आत."

कृष्णात पाया पडायला वाकला, तोही एका हातानं टोपी घट्ट धरून. लहानपणी फिरवायचे तसा केसांतून हात फिरवायला आबांनी लाडानं त्याचा हात बाजूला केला आणि टोपी काढली.

डोकं नुकतंच भादरलेलं होतं. मागं शेंडीपुरते केस तेवढे ठेवले होते.