आईची निवड

"आई, मान वर कर जरा. कोण आलंय बघ," मुलगी म्हणाली.

म्हातारीने सुई कापडात टोचून ठेवली आणि दाराकडे पाहिलं. समोरच्याशी बोलण्याआधी त्याचे खांदे, छाती, कंबर नजरेनेच मोजायची तिची जन्माची सवय. दारातल्या माणसाला मोजायला मात्र तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"उजवा खांदा उतरता आहे," ती म्हणाली. "बापासारखा. ये, बस."

म्हणजे सांगायची गरजच उरली नाही. मुलीने घरून जुळवून आणलेली वाक्यं सगळी वाया गेली. तिने गिऱ्हाइकांच्या खुर्चीवरचे ब्लाउज उचलले आणि त्याला बसायला जागा करून दिली.

वडील हृदयविकाराने गेले होते. आपल्याही नशिबात तेच आहे का, हे कळावं म्हणून तिने डीएनए तपासणीची नळी घरी मागवली आणि त्यात थुंकी भरून पाठवून दिली. हृदयाबद्दल फारसं काही कळलं नाही. भाऊ मात्र कळला, तोही सख्खा; त्यानेही तिथेच आपली थुंकी पाठवली होती. त्याने पाठवलेल्या निरोपात त्याची जन्मतारीख होती, आणि ती तिचीच होती. बाहेर चहाला भेटले तेव्हा दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होते. जुळ्या भावाला अहो-जाहो करणारी जगात मी एकटीच, असं म्हणून ती हसली होती. तो हसला नव्हता.

तो इस्पितळात भूल देणारा डॉक्टर होता. मोठं घर, गाडी, वाढवणाऱ्या आईबापांनी लाडाकोडात ठेवलेला. आणि ही शाळा अर्धवट सोडून आईशेजारच्या मशीनवर बसलेली, ती अजून तिथेच. तरी कीव करत होती ती त्याची. बिचाऱ्याला आईने देऊन टाकलं.

आधी तिला आईचा भयंकर राग आला होता. मग त्या रागाखालून हळूच आनंद वर आला. त्याची तिला लाज वाटायची, पण तो जाईना. एक मुलगा, एक मुलगी पदरात असताना लोक मुलगी देऊन टाकतात. आपल्या आईने मुलगा दिला आणि मुलगी ठेवली. आईने तिला कधी जवळ घेतलेलं तिला आठवत नव्हतं. या दुकानात कौतुकाची पद्धतच नव्हती. आई शिवण उलटी करून बघायची. उसवली तर वाईट. न उसवता बाजूला ठेवली, तर समजायचं की जमलं. मुलगी त्याच हिशोबाने जगत आली होती. आपल्याला आईने उसवून टाकलं नाही, ठेवून घेतलं, एवढं तिला आयुष्यभर पुरलं असतं. पण ते एकदा आईच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी भाऊ आयताच मिळाला होता.

"माझी काही तक्रार नाही," तो म्हाताऱ्या आईला म्हणाला. "फक्त बघायचं होतं तुम्हाला."

"अहो, विचारा ना," मुलगी म्हणाली. "इतकी वर्षं मनात ठेवलंत. आता समोर बसली आहे ती."

"राहू द्या. काय करायचंय विचारून?"

"मग मी विचारते. आई, आम्हा दोघांतून मलाच का ठेवलंस, ते सांग याला. याला कळायला पाहिजे." कळायला त्याला पाहिजे होतं, कान मात्र तिने टवकारले होते.

म्हातारीने मांडीवरच्या कापडाचा एक लोंबणारा दोरा ओढून काढला. ती गोलगोल बोलणारी बाई नव्हती. विचारलं की सांगून मोकळी व्हायची.

"दोघं एकदम झालात. अंगावर दूध एकालाही पुरेना. यांचं काम सुटलेलं. मी मशीनवर बसू का तुम्हाला घेऊन बसू? माझी एक गिऱ्हाईक होती, मूलबाळ नसलेली. एक मला द्या म्हणाली. आम्ही दोघांनी विचार केला आणि द्यायचं ठरवलं."

"आणि मला दिलंत," तो म्हणाला. तक्रार नाही म्हणणाऱ्या माणसाची सगळी तक्रार त्या तीन शब्दांत होती.

मुलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता आई सांगेल, आणि मग आपण याला सावरू, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

म्हातारीने मान हलवली.

"तुला कशाला देऊ? मुलगा कोण देतं? हिला द्यायचं ठरलं होतं. पण बाई न्यायला आली आणि हिने भोकाड पसरलं. काही केल्या थांबेना. तू शांत पडून होतास. तिने तुलाच उचललं. कबूल करून बसलो होतो, नाही कसं म्हणणार?"

मुलीचा हात त्याच्या खांद्यावरच राहिला. तो काढून घ्यायचंही तिला सुचलं नाही. डॉक्टर तिच्याकडे बघेना. म्हातारी कापडात टोचलेली सुई बोटांनी चाचपत होती. तिच्या दृष्टीने सांगायचं ते जवळजवळ सांगून झालं होतं.

"बोचकंसुद्धा हिच्याच कपड्यांचं बांधून ठेवलेलं," ती म्हणाली. "तेच ती घेऊन गेली. ही मग तुझे कपडे घालून वाढली."