कचऱ्याचा कप्पा

"पोचल्या की नाही, एवढंच सांगा. दुसरं काही नको," बाई म्हणाल्या.

इस्पितळाची ई-मेल तो सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला मेलवाला म्हणत. मेल अडली की त्याच्या नावाने हाका, एरवी तो आहे की नाही याची कुणाला फिकीर नसे. आज मात्र मोठ्या साहेबांनी बाईंना थेट त्याच्या टेबलासमोर आणून बसवलं होतं. ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीसाठी अर्ज फक्त मेलवर घ्यायचे, हा इथला शिरस्ता. बाईंच्या नवऱ्याने चार महिन्यांत सात मेल केल्या. उत्तर एकीचंही आलं नाही. गेल्या महिन्यात ते गेले.

मेलवाल्याने तारखा टाकून शोधलं. सातही मेल कचऱ्याच्या कप्प्यात एकीखाली एक पडलेल्या. आतला मजकूर स्वच्छ होता, विषयाच्या ओळीत मात्र नुसती प्रश्नचिन्हं. नवऱ्याचा कॉम्प्युटर जुना. विषयातली मराठी अक्षरं कोणत्या पद्धतीची आहेत, हे तो मेलच्या माथ्यावर नोंदवतच नव्हता. इथल्या यंत्राला ती वाचता येईनात, म्हणून त्यांच्या जागी ते प्रश्नचिन्हं टाकी. आणि विषयात ओळीने तीन प्रश्नचिन्हं दिसली की मेल परस्पर कचऱ्यात टाकायची, ही युक्ती खुद्द मेलवाल्याची. फालतू जाहिराती निम्म्यावर आल्या म्हणून साहेबांनी पाठही थोपटली होती. शहाण्याने तो कप्पा त्यानंतर एकदाही उघडून पाहिला नव्हता.

साहेब त्याच्या कानाशी वाकले. "तांत्रिक बिघाड म्हण आणि मोकळा हो."

तो बाईंकडे वळला.

"पोचल्या होत्या," तो म्हणाला. "सातही. मी लावलेल्या नियमामुळे कचऱ्यात गेल्या. चूक माझी आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आता बाई तोंडाला येईल ते बोलतील, म्हणून तो मान खाली घालून बसला. बोलल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"म्हणजे कुणी वाचल्याच नाहीत?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. "शेवटपर्यंत विचारत होते हो, माझं लिहिण्यात काही चुकलं का म्हणून. तुम्ही वाचून गप्प बसलात, असंच धरून चालले होते. पहिली मेल लिहायला त्यांना दोन दिवस लागले."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता वाचा. मोठ्याने."

साहेब हळूच दाराकडे वळले.

"तुम्हीही बसा," बाई म्हणाल्या.