दोघांचा नेम

"रोज झोपताना लावायचं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. आणि घरी सांगायचं. सांगाल ना?"

"आजच सांगते," असं काकू सकाळी डॉक्टरीणबाईंना कबूल करून आल्या होत्या. आता दुपार कलंडली, तरी मलमाची नळी पिशवीतच होती आणि सांगणंही राहिलेलंच.

समोर बाइंडरकाका एका शाळेचा फाटका शब्दकोश शिवत बसले होते. पुढे दुकान, मागे घर. मधल्या या टेबलाशी दोघांच्या संसाराची एकतीस वर्षं गेली. काकूंनी घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, क्रमाने लावून द्यायचे, काकांनी दोऱ्याला मेण लावून शिवायचे.

"शेवटचा फर्मा पहिला दिलास आज," काका म्हणाले. "पोरं 'आळस' शोधायला जातील आणि हाती 'ज्ञान' लागेल. मास्तर खूश!"

काकू हसल्या नाहीत. "अहो, तो माझा नेम..."

"हं?"

"तो नेम नव्हताच."

काकांची सुई थांबली.

सहा वर्षांपूर्वी कापायच्या यंत्रात काकांचा अंगठा सापडला होता. तो वाचावा म्हणून वेगळं निजायचा नेम देवापाशी बोललेय, असं काकूंनी तेव्हा सांगितलं होतं. अंगठा दोन महिन्यांत बरा झाला. नेम चालूच राहिला; काकू आत निजत, काका दुकानात. काकांनी चकार शब्द काढला नाही. देवाचं नाव घेतलं की पुढे कोण विचारतो?

"मग काय होतं?"

"दुखायचं." काकू फर्म्याच्या कडा बोटाने सारख्या करत राहिल्या. "पाळी गेल्यापासून. तुम्ही जवळ आलात की आत मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. तुमची पावलं वाजली की मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे. वाटलं, या वयातही आपल्याला हे हवंसं वाटतं, त्याचीच शिक्षा असेल. कुणाला सांगणार होते? देवाच्या नावावर घातलं झालं."

काकूंनी मान वर न करता सगळं सांगून टाकलं. "लघवीला जळजळ होते म्हणून गेले होते. बाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, दुसरं काही नाही, सगळं एकाच मुळाचं आहे. पाळी गेली की ते हार्मोन कमी होतात, आतली कातडी पातळ होते, कोरडी पडते. कितीतरी जणींना होतं म्हणे, पण बोलत कुणी नाही. मला म्हणतात कशा, 'चाळिशीला चष्मा लागला तेव्हा लाजला होतात का?'"

त्यांनी पिशवीतून नळी काढून टेबलावर ठेवली. काकांनी ती उचलली. छापलेलं काहीही हाती आलं की ते वाचत, तसे चष्मा नाकावर नीट बसवून ती बारीक अक्षरं वाचू लागले.

"एवढंसंच औषध होतं?"

"एवढंसंच."

"आणि मला वाटायचं, माझ्या हातांना पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा वास येतो म्हणून तू आखडतेस. दोन-दोनदा साबण लावायचो. नेमाचं बोललीस तेव्हा जिवात जीव आला माझ्या."

काकूंचे डोळे भरले. "दोनेक महिन्यांत चांगला फरक पडेल म्हणाल्या बाई. मग... मग तुम्ही आत निजायला या."

काकांनी नळी खाली ठेवली. अर्ध्या शिवलेल्या शब्दकोशातली सुई पुन्हा हातात घेतली.

"पोरीचं बाळंतपण आठवतं ना? आई-लेक दोघींतली एकच हाती लागेल म्हणाले होते डॉक्टर."

"असं अभद्र कशाला आठवता आता?"

"तू आत तिच्यापाशी होतीस. मी बाहेर बाकावर. द्यायला माझ्यापाशी होतं काय? पुठ्ठे आणि दोरा. मग म्हटलं, हिच्या नेमाने माझा अंगठा वाचवला. तोच नेम आता मी धरतो. जन्मभरासाठी."

काकूंच्या हातातला फर्मा सुटला, पानं टेबलभर झाली.

"मला बोलला नाहीत कधी."

"तू धरलेलाच होतास की. तुला निराळं काय सांगायचं?"

"अहो, पण माझा खोटा होता!"

"तुझा." काका पानं गोळा करू लागले. "माझा नव्हता. आणि दोघी घरी आल्या."

देव काय असा धरून बसणार आहे, असं काकूंच्या ओठांवर आलं होतं. पण चार वर्षांची नात डोळ्यांपुढे उभी राहिली, दाराशी चपला उलट्या घालून "आजी, निघू?" म्हणणारी. सहा वर्षांपूर्वीचं ते एक खोटं सोडलं, तर बोललेला एकही नेम काकूंनी कधी मोडला नव्हता. त्यांनी आपल्या बाजूची विखुरलेली पानं काकांकडे सरकवली.

काकांनी पानं क्रमाने लावली. टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा तोडला.

"दुखत होतं तर सांगायचंस गं," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी नळी काकूंच्या बाजूला सरकवली. "लाव मात्र. रोज लाव. तुझ्यासाठी लाव."

काकांची दुपारची पाठ टेकायची वेळ झाली होती. ते उठले, आतून आपली उशी घेतली आणि ती काखेत धरून दुकानाकडे निघाले. जाताना मधलं दार त्यांनी लोटून घेतलं, कडी वाजू नये म्हणून ती मुठीत धरून.