पितृपक्षातली चादर

पितरांसाठी पुजल्या जाणाऱ्या सिद्धवटाला अनयच्या नावाने दूध घालून मायलेकी नानाखेड्याच्या घरी परतल्या, तेव्हा निहारिकाच्या हातात तिथल्याच भैरवगढच्या छापाची नवी चादर होती. दर वर्षीसारखीच. आईने दारातच पदराने डोळे पुसले आणि आतल्या खोलीत शिरता शिरता आवाज मोठा केला.

"अहो, चादर आणली बघा. भैरवगढला गेलो होतो ना. रंग एकदम पक्का आहे म्हणे."

श्रीपादराव उशीला टेकून पडले होते. कंपवाताने त्यांची वाचा नेली होती आणि पाठोपाठ चेहराही. हसणं, रुसणं, काही म्हणून त्यावर उमटत नसे. अशा माणसाशी खोटं बोलणं सोपं जातं. मुलगा अनय अपघातात गेला तेव्हा ते दवाखान्यात होते. धक्का सोसणार नाही, आत्ता नको सांगायला, असं घराने ठरवलं. ते 'आत्ता' काही संपलं नाही. आईने अनयला कॅनडात पाठवून दिलं. एका खोट्याला दुसरं लागतंच, तसे मग त्याचे फोन येऊ लागले, तिथे बर्फही पडू लागला.

हल्ली मात्र श्रीपादरावांच्या डोक्यात एक तार होती. केसाहून बारीक, आणि टोकाला डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याच्या कणांचा थर. मेंदूतलं डोपामाइन त्या कणांपाशी आलं की तारेतून किंचित वीज वाहते आणि टॅबलेटवरची रेघ चढते. निहारिका इंदूरच्या ज्या प्रयोगशाळेत काम करत होती, तिथलीच ही तार. औषध किती द्यायचं ते नीट ठरावं म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी ती बसवली होती. आईला तिने आपल्या परीने समजावलं होतं: हे रसायन आशेचं. काही चांगलं येणार असं वाटलं की चढतं, ते आलं नाही की उतरतं. स्वयंपाकघरात कपबशी वाजली की रेघ चढायची आणि आई खूश व्हायची. अजून चहाबाज आहेत, म्हणायची.

तार बसवल्यापासून अनयचा 'फोन' आज पहिल्यांदाच येत होता.

"वाटेतच फोन आला त्याचा," आई पलंगाशी बसत म्हणाली. "तुमची तब्येत पुसत होता. दिवाळीला यायचं जमवतो म्हणाला."

रेघ हलली नाही. निहारिकाने जोडणी तपासली आणि आईला पुन्हा सांगायला लावलं. आईने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा रंगवून, नातवंडांचे लाड करावेत तशा आवाजात. रेघ तशीच आडवी. चहाला उठणारी रेघ पोटच्या पोराला उठेना.

मग दोघींनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं आणि नवी चादर अंथरली. कोऱ्या कापडाचा वास खोलीभर झाला. श्रीपादरावांचा हात थरथरत त्या छापावरून फिरला, आणि रेघ खाली गेली. खाली जातच राहिली.

निहारिका चादरीकडे बघत बसली, आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं. पितृपक्षात साधा रुमालसुद्धा विकत न घेणारी तिची आई. शाळेचे बूट फाटले तरी 'सर्वपित्री होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणणारी. तीच बाई दर पितृपक्षात, तेही सिद्धवटाच्या भैरवगढहून, नवीकोरी चादर आणून नवऱ्याच्या अंगाखाली घालत होती. आपण कुठे गेलो होतो ते लपवायला. इतकी वर्षं एका छताखाली काढलेल्या माणसाला याचा अर्थ लागणार नाही, असं दोघी खुशाल धरून चालल्या होत्या. पहिल्याच चादरीला लागला असेल.

"आई, बाबांना माहीत आहे."

आई चादरीची एकच सुरकुती पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली. तिने विचारलं नाही, काय माहीत आहे म्हणून.

"काहीतरीच नको बोलू. मग रोज संध्याकाळी दाराकडे कशाला बघतात?"

अनयची स्कूटर मायलेकींनी मालिशला येणाऱ्या कल्पनाताईंना देऊन टाकली होती. रोज ती फाटकाशी येऊन थांबली की रेघ उसळायची, आणि दारात कल्पनाताई दिसल्या की कोसळायची. रोज फसलेला मेंदू हळूहळू शहाणा होतो, आशा करायचं सोडतो, असं निहारिका शिकली होती. बाबांचा मेंदू काही शहाणा होत नव्हता. सगळं माहीत असून होत नव्हता.

ती हे आईला कसं सांगावं याचा विचार करत होती, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वाजली. तीच फाटक्या आवाजाची. रेघ चढू लागली. फाटकाशी येऊन इंजिन बंद झालं, आणि टॅबलेटवर रेघ पार वरच्या कडेला जाऊन टेकली.

"आई, बघ आता," असं म्हणत निहारिकाने मान वर केली.

आई टॅबलेटकडे बघत नव्हती. कपाळावरचे केस मागे सारून ती दाराकडे तोंड करून बसली होती. आणि आपण स्वतः केव्हा उठून उभे राहिलो, ते निहारिकालाही कळलं नव्हतं.

बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. खोलीत तिघं होती. बरं झालं, तार एकाच्याच डोक्यात होती.