तिसरं इंजिन

"ताई, एका जागी बस ना," धाकटा म्हणाला.

थोरली बसली आणि लगेच पुन्हा उठली. बहीणभावांच्या दोन टेबलांनी खोली भरून गेली होती. फिरायला जागा होती ती दारापासून खिडकीपर्यंत, आणि तेवढ्यातच तिच्या येरझारा चालल्या होत्या. दुपार होती, सुट्टीचा दिवस होता, तरी तिचा जीव टांगणीला लागला होता.

कानांवरच्या हेडफोनमध्ये कुठकुठली माणसं वाट बघत होती. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. नोकऱ्या नि अभ्यास सांभाळून, केवळ हौसेखातर ही मंडळी एक गेम बनवत होती. ओसाड पडलेलं शहर, त्यात झॉम्बी, आणि एकमेकांच्या आधाराने जीव वाचवणारे खेळाडू. घोडं अडलं होतं ते इंजिनावर, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरच्या पायावर सगळा गेम उभा राहतो त्याच्यावर. जुन्या इंजिनात सगळा कोड थोरलीने लिहिला होता. पण गर्दी झाली की ते हात टेकायचं. खेळाडू जागच्या जागी थिजायचे, झॉम्बी भिंतीला नाक लावून धावत राहायचे. लोक कंटाळून सोडून चालले होते. नवं इंजिन धाकट्याने शोधून आणलं होतं. आज दोन्हींत गेममधला एकच रस्ता चालवून बघायचा आणि एक घाव दोन तुकडे करायचे, असं ठरलं होतं.

जुन्यात काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेच झालं.

मग सगळ्यांनी आपापल्याकडे नवं लावलं. थोरली धाकट्याच्या खांद्यावरून बघत राहिली. तोच रस्ता होता, पण तिरप्या उन्हात न्हालेला. वळणावरून झॉम्बींचा लोंढा आला, आणि त्यांच्या आधी त्यांच्या लांबलचक सावल्या आल्या. त्या सावल्यांपायी धाकट्याने कितीतरी सुट्ट्या घालवल्या होत्या. कुठेही काही अडकलं नाही. हेडफोनमध्ये एकच गलका उठला. थोरलीला मात्र आपला कोड जाणार एवढंच दिसलं, आणि तेवढंच दिसलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"काका कुठे दिसत नाहीत," कुणीतरी म्हणालं.

काका म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ. मंडळीत केस पिकलेले ते एकटेच. हा सगळा रस्ता त्यांनी रचला होता, घर न् घर, जिना न् जिना. त्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट कधीच बंद पडत नसत, आणि त्यावरून त्यांची रोज थट्टा व्हायची.

काका म्हणाले, आहे ना मी, ऐकतोय सगळं. पण माझ्याकडे नुसता काळा पडदा येतो आणि कॉम्प्युटर मान टाकतो. झॉम्बी यायच्या आधीच मी गेलो म्हणा. सगळे हसले. मग आणखी दोघातिघांनी हळूच सांगितलं, आमच्याकडेही उघडत नाहीये. नवा कॉम्प्युटर घ्या, असं कुणी म्हणालं नाही. घेऊ, असंही कुणी म्हणालं नाही.

"कसा दिसतोय रे माझा रस्ता?" काकांनी विचारलं. "कुणीतरी सांगा की."

मग धाकटाच सांगू लागला. काचांवर ऊन कसं पडलंय, पायऱ्या झिजलेल्या कशा वाटतात, कठड्यांच्या सावल्या भिंतीवर कशा चढल्यात. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

मतं घेतली. बहुतेकांनी नव्याला मत दिलं. काकांनीही नव्यालाच दिलं. रस्ता छान दिसतोय ना, मग झालं, म्हणाले.

थोरली खिडकीशी गेली, परत आली. नको म्हणायला आता तिच्याकडे कारण होतं, आणि ते खरं कारण होतं. पण त्याच्या आडोशाने आपला कोडही वाचतोय, हे तिला टोचत होतं. आपण नक्की कुणासाठी नको म्हणतोय, हे तिचं तिलाच सांगता येईना.

मग नवंच पक्कं ना, असं कुणीतरी विचारलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"दोन्ही नकोत," ती म्हणाली. "तिसरं एक आहे."

तिने ते मागेच चालवून पाहिलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. साधं, हलकं इंजिन. जुन्या कॉम्प्युटरवर चालेल, गर्दीही पेलेल. पण दिसायला बेताचंच, आणि सगळं पहिल्यापासून लिहायचं.

धाकटा खुर्चीसकट वळला. "आणि सावल्या?"

"जातील."

"म्हणजे तुझा कोड वाचावा म्हणून..."

"तोही जाईल. त्यातली एक ओळ इथे चालणार नाही."

धाकटा म्हणाला, "तेलही गेलं, तूपही गेलं." आणि त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

तिकडे वादावादी सुरू झाली होती. चारदोन जणांसाठी एवढा देखणा गेम मातीत घालायचा का, एकाने विचारलं. दोघं निरोप न घेताच निघून गेले. थोरलीने तिसरं इंजिन उघडलं आणि सगळ्यांना आत बोलावलं.

आत काहीच नव्हतं. करडी, सपाट जमीन, आणि तिच्यावर एकेक करून उगवणारी चौकोनी, बिनचेहऱ्याची माणसं. इथे बघायचं काय, कुणीतरी पुटपुटलं.

त्यांतलं एक माणूस चालू लागलं. थोडं सरळ गेलं, थांबलं, आणि वळायला काहीही नसताना डावीकडे वळलं.

"काका, कुठे निघालात?" थोरलीने विचारलं.

"या माझ्या मागे," काका म्हणाले. "पण एकेकाने या. माझ्या रस्त्यावरचा हा बोळ अरुंद आहे."

धाकट्याने हेडफोन उचलून पुन्हा कानांवर चढवला. त्या मोकळ्या जमिनीवर सगळे एकामागोमाग एक, अंग चोरून चालू लागले.